घरगुती कार्यशाळेतील वेल्डिंगची वायरिंग

घरालगतच्या शेडमध्ये आर्क वेल्डिंग यंत्र चालवण्यासाठी मुख्य वितरण पेटीपासून केलेली स्वतंत्र वीजजोडणी. भारतात घरगुती सिंगल फेज पुरवठा 230 व्होल्टचा असतो. जुन्या ट्रान्सफॉर्मर सेटांपैकी अनेकांना दोन फेजांमधले 415 व्होल्ट लागत, त्यामुळे ते फॅब्रिकेशनच्या दुकानांतच राहिले. हलक्या इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक) वेल्डिंग यंत्रांनी वेल्डिंग घरी आणले.

आखणी करताना आधी कोणता रॉड (वितळून जोड भरणारी धातूची कांडी) वापरायचा ते ठरवावे. 2.5 मिमीच्या रॉडला साधारण 80 आणि 3.15 मिमीच्या रॉडला 120 अँपिअर लागतात. हा होल्डरकडचा, म्हणजे रॉड धरणाऱ्या पकडीकडचा प्रवाह झाला. पुरवठ्यातून यंत्र किती ओढते ते वेगळे काढावे लागते. 120 अँपिअरला आर्कवर सुमारे 25 व्होल्ट असतात, म्हणजे 3 किलोवॉट. कार्यक्षमता 85 टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या प्रवाहापैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाचे प्रमाण) 0.7 धरल्यास यंत्र सुमारे 22 अँपिअर ओढते, तर 80 अँपिअरला हाच आकडा 14च्या आत राहतो. म्हणून 16 अँपिअरच्या सॉकेटवर बारीक रॉडचे काम निभावते. जाड रॉड लावला की पिना तापतात आणि सॉकेटचे प्लास्टिक करपू लागते. अशा कामाला 32 अँपिअरचे इंडस्ट्रियल सॉकेटच हवे. महावितरणकडील मंजूर भारही याच हिशेबाने तपासावा.

वायर तांब्याची, किमान 4 चौरस मिमीची घ्यावी. शेड 20 मीटरवर असल्यास 22 अँपिअरला तिच्यात सुमारे 4 व्होल्ट पडतात, 1.5 चौरस मिमीच्या वायरीत साडेदहाच्या वर. 4 चौरस मिमीच्या वायरीला सी प्रकारची 25 अँपिअरची एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच) योग्य ठरते, कारण यंत्र चालू करतानाच्या क्षणिक झटक्याला बी प्रकारची लवकर पडते. एमसीबी वारंवार पडते म्हणून वायर तीच ठेवून 40 अँपिअरची बसवणे हा सर्रास दिसणारा आणि अत्यंत घातक उपाय आहे, कारण त्यानंतर एमसीबीच्या आधी वायरच जळते.

अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) अनिवार्य समजावी. वेल्डिंगचा परतीचा क्लॅम्प थेट जॉबवरच (जोडायच्या वस्तूवर), गंज घासून काढलेल्या जागी लावावा. तो शेडच्या खांबाला लावल्यास शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह ग्राइंडर किंवा ड्रिलच्या बारीक अर्थ वायरीतून वाट काढू शकतो. ती वायर आतल्या आत जळून गेली तरी ड्रिल चालूच राहते आणि त्याचे अर्थिंग तुटल्याचे कुणाच्या लक्षात येत नाही.