मार्कस व्हॅलेरियस मॅक्सिमियानस

(इ. स. दुसरे शतक). रोमन साम्राज्यातील अश्वारोही वर्गातून सिनेटपर्यंत पोचलेला सेनानी व प्रशासक. त्याचे मूळ गाव पोएटोव्हिओ (सध्याच्या स्लोव्हेनियातील प्तुय). वडिलांनी नगरशासनात मानाची पदे भूषवली होती.

अश्वारोही हा सिनेटरांखालोखालचा वर्ग. त्यासाठी किमान ४ लाख सेस्टर्सची (सेस्टर्स हे रोमन नाणे) मालमत्ता लागे. या वर्गातला माणूस आधी पायदळाच्या व घोडदळाच्या साहाय्यक तुकड्या सांभाळी आणि मग ‘प्रोक्युरेटर’ म्हणून प्रांताचा महसूल किंवा एखाद्या लहान प्रांताचा कारभार पाही. प्रोक्युरेटरचा दर्जा पगारावरून ठरे : ६० हजार, १ लाख, २ लाख सेस्टर्स.

मॅक्सिमियानसची सुरुवातही अशीच झाली. पार्थियन युद्धात त्याने मानचिन्हे मिळवली. पुढे डॅन्यूबकाठी मार्कोमानी या जर्मानिक टोळीशी युद्ध पेटले, तेव्हा सम्राट मार्कस ऑरीलियसने त्याच्यावर डॅन्यूबकाठच्या पॅनोनिया प्रांतातील सैन्यांची रसद नदीमार्गे पोचवण्याचे काम सोपवले. या कामात मिसेनम, राव्हेन्ना आणि ब्रिटनच्या आरमारांतील तुकड्या त्याच्या हाताखाली होत्या. पुढे घोडदळाच्या एका तुकडीचा प्रमुख असताना त्याने नारिस्ती टोळीचा नायक व्हालाओ याला स्वतःच्या हाताने ठार केले. सम्राटाने त्याची जाहीर वाखाणणी करून घोडा, पदके आणि शस्त्रे बक्षीस दिली. सर्वांत विलक्षण कामगिरी त्यानंतरची : पूर्वेकडचे बंड मोडायला निघालेल्या मार्कोमानी, नारिस्ती व क्वादी स्वारांचे नेतृत्व त्याच्याकडे आले. ज्या टोळ्यांशी तो लढला, त्यांचेच स्वार आता त्याच्या हुकमाखाली होते. याच सुमारास तो १ लाखाच्या श्रेणीत चढून लोअर मीझियाचा प्रोक्युरेटर झाला. पण मुलकी पदामुळे तलवार काही सुटली नाही. त्याच काळात मॅसिडोनिया-थ्रेस सीमेवरच्या ब्रिसेई लुटारूंचा बंदोबस्त त्याने केला. अप्पर मीझिया आणि डेशिया पोरोलिसेन्सिस येथेही तो प्रोक्युरेटर होता.

इजिप्त वगळता लीजनचे (रोमन नागरिकांच्या सुमारे पाच हजारांच्या सैन्यदलाचे) सेनापतिपद सिनेटरांसाठी राखीव असे. त्यामुळे सम्राटाने त्याला थेट सिनेटमध्ये घेतले. युद्धाच्या गरजेपुढे जन्माचे बंधन ढिले पडले, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते. पुढे त्याने एकामागून एक सहा लीजनांचे नेतृत्व केले. शेवटचे उत्तर आफ्रिकेच्या न्यूमिडियातील ‘तिसरी ऑगस्टा’ या लीजनचे. नंतर त्याची कॉन्सल या रोमच्या सर्वोच्च मानाच्या पदावर निवड झाली.

ही सारी माहिती अल्जीरियातील झाना (प्राचीन डायना व्हेटेरानोरम) येथील शिलालेखातून मिळते. तिथल्या नगरसभेने वर्गणी काढून त्याचे स्मारक उभारले होते. स्लोव्हाकियात ट्रेन्चीनच्या किल्ल्याखालील खडकावर, लाउगारिचिओ येथे तळ दिलेल्या ८५५ सैनिकांचा विजयलेख आहे. त्यातील सेनापतीचे झिजलेले नाव कोणाचे, हे या झाना लेखामुळेच उलगडले.