वंशावळ खुंटली की बाजूला बघा

वंशावळ शोधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं काम कुठेतरी अडतं. पणजोबांपर्यंत, फार तर खापरपणजोबांपर्यंत नावं, तारखा आणि ठिकाणं जुळत येतात आणि मग एका माणसापाशी सगळं थांबतं. त्याचे आईवडील कोण, हे कुठल्याच कागदावर सापडत नाही. वर्षानुवर्षं त्याच नावाने शोध घेतला जातो आणि हाती तेच चार कागद येत राहतात. अशा वेळी त्याचा पिच्छा सोडून त्याच्या भावंडांकडे वळावं. त्याचा जन्मदाखला जळाला असेल किंवा कधी लिहिलाच गेला नसेल. पण त्याला भाऊ-बहिणी होत्या, चुलते होते, शेजारी होते. त्यांचे कागद वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कारणांनी तयार झाले. शिवाय त्या भावंडांचे वंशज आज हयात असू शकतात आणि हरवलेल्या आईवडिलांच्या डीएनएचे तुकडे त्यांच्या पेशींत सापडू शकतात.

मात्र त्याआधी शेवटची खात्रीची कडी खरंच खात्रीची आहे का, हे तपासायला हवं. कित्येकदा शोध अडलेला असतो तो चुकीच्या माणसापाशी. मृत्युदाखल्यावर मृत्यूची तारीख सहसा बरोबर असते, कारण माहिती देणारा तिथेच हजर असतो. त्याच दाखल्यावरचं मृताच्या वडिलांचं नाव मात्र जावयाने किंवा नातवाने ऐकीव माहितीवरून सांगितलेलं असू शकतं. म्हणजे एकाच कागदावरच्या दोन ओळींची विश्वासार्हता सारखी नसते. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा: हे कोणी सांगितलं, त्याला ते कसं माहीत होतं आणि घटनेनंतर किती काळाने ते लिहिलं गेलं. दुसऱ्यांच्या वंशावळी पाहतानाही हाच नियम लावावा. दहा वंशावळींमध्ये एकच नाव दिसलं आणि त्या दहाही एकीवरून उतरवलेल्या असल्या, तर पुरावा एकच झाला.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन माणसांचा एक माणूस होणं. आजोबांचं नाव नातवंडांना ठेवण्याची पद्धत अनेक समाजांत होती. त्यामुळे एकाच वयाचे, एकाच नावाचे दोन चुलत भाऊ एकाच वस्तीत सापडतात. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण हमखास उपयोगी पडतो. त्या नावाची प्रत्येक नोंद तारखेनुसार एका तक्त्यात लिहायची: ठिकाण, वय, व्यवसाय, बायकोचं नाव, सही की अंगठा. एकाच महिन्यात दोन दूरच्या ठिकाणी हजेरी दिसली किंवा सही करणारा माणूस पुढे अचानक अंगठा देऊ लागला, तर तिथे थांबून ती माणसं वेगळी करता येतात का ते पाहावं.

कधी नोंद असते, पण शोधात येत नाही. जुनं अक्षर वाचून सूची बनवणाऱ्याने पहिलंच अक्षर चुकीचं वाचलेलं असतं. उच्चारावरून आडनावं शोधण्याची साउंडेक्स ही पद्धत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली पेटंट केली. तिच्यात आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवून पुढच्या व्यंजनांचे तीन अंक करतात. स्पेलिंगमधले बरेच फरक त्यात सामावतात, पण पहिलं अक्षर चुकलेलं असेल तर ही पद्धतही हात टेकते. मग आडनाव रिकामं सोडून फक्त नाव, जन्मवर्ष आणि ठिकाण टाकून शोधावं, किंवा ज्याचं नाव दुर्मीळ आहे अशा भावंडाच्या नावाने शोधावं. तारखांमध्येही फसगत होते. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे तिथे विवाह जून १७४० आणि मुलाची नोंद फेब्रुवारी १७४० अशी दिसली, तर मूल लग्नानंतर आठ महिन्यांनी जन्मलेलं असतं. हे माहीत नसेल तर संशोधक भलताच बाप शोधत बसतो.

एवढं करूनही कडी पक्की राहिली, की कागदांमध्ये बाजूला सरकायचं. जमिनीच्या खरेदीखतावर साक्षीदार कोण, लग्नाला साक्षीला कोण उभं राहिलं, अनाथ मुलांचं पालकत्व कोणाकडे गेलं, शेजारचं घर कोणाचं होतं, ही नावं गोळा करायची आणि त्यातली पुन्हा पुन्हा येणारी नावं वेगळी काढायची. माणसं सहसा एकटी स्थलांतर करत नसत, ओळखीपाळखीने जात. पूर्वज कुठून आला हे त्याच्या नोंदीत नसलं, तरी त्याच्या कायमच्या साक्षीदाराच्या नोंदीत असू शकतं.

डीएनए चाचणीतही हेच करायचं असतं. तिचं सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचं आहे. तो १४८५ साली लढाईत मारला गेला आणि त्याचा वंश पुढे चालला नाही. २०१२ साली लेस्टरमधल्या एका पार्किंगच्या जागेखाली सापडलेला सांगाडा त्याचाच का, हे ठरवायला संशोधक त्याच्या बहिणीकडे, ॲन ऑफ यॉर्ककडे वळले. पेशीतल्या तंतुकणिकांचा (मायटोकॉन्ड्रियाचा) डीएनए आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे तो फक्त मुलीच देतात. त्याची लांबी जेमतेम १६,५६९ अक्षरं असते आणि तो फार हळू बदलतो. बहिणीकडून मुलगी, तिची मुलगी अशी ओळ उतरवत संशोधक दोन हयात व्यक्तींपर्यंत पोहोचले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एकाचा तंतुकणिका डीएनए सांगाड्याशी तंतोतंत जुळला, दुसरीचा एका अक्षराचा फरक वगळता जुळला.

याच अभ्यासात पुरुष ओळही तपासली गेली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं. कागदोपत्री ज्यांचा पुरुषवंश रिचर्डशी मिळतो अशा पाच जणांचं वाय गुणसूत्र घेतलं, तर एकाचंही सांगाड्याशी जुळलं नाही. म्हणजे मधल्या काही शतकांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळा होता. शिवाय त्या पाचांपैकी एकाचं उरलेल्या चौघांशीही जुळलं नाही. तिथे अगदी अलीकडच्या पिढ्यांत अशीच दुसरी कडी तुटलेली होती. राजघराण्याच्या बारकाईने राखलेल्या वंशावळीत असं होत असेल, तर आपल्या कागदांवर आंधळा विश्वास ठेवू नये.

तेव्हा चाचणी निवडताना आधी प्रश्न पाहावा. अडलेला पूर्वज बापाचा बाप, त्याचा बाप अशा सरळ पुरुष ओळीवर असेल तर वाय; आईची आई अशा सरळ स्त्री ओळीवर असेल तर तंतुकणिका डीएनए. बाकी सगळ्या ओळींसाठी लिंग न ठरवणाऱ्या २२ जोड्या गुणसूत्रांची चाचणी, आणि बहुतेकांना तीच लागते. तिच्यात संपूर्ण जनुकसंच वाचला जात नाही; साधारण ६ ते ७ लाख ठरावीक जागा वाचून दोन माणसांमध्ये सलग सारखे तुकडे शोधले जातात. तुकड्यांची लांबी सेंटीमॉर्गनमध्ये मोजतात. मुलाला गुणसूत्र देण्याआधी जोडीतल्या दोन गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची देवाणघेवाण होते; एक सेंटीमॉर्गन म्हणजे एका पिढीत अशी देवाणघेवाण होऊन तुटण्याची शक्यता सुमारे १ टक्का असलेलं अंतर. शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांमध्ये सरासरी २६ ठिकाणी, तर स्त्रीबीज तयार होताना सुमारे ४२ ठिकाणी अशी देवाणघेवाण होते.

या तुकड्यांना मर्यादा आहे आणि ती समजून घेतली पाहिजे. दहा पिढ्यांमागे प्रत्येकाला कागदावर १,०२४ पूर्वज असतात, पण तोवर आपला डीएनए साधारण ६४० तुकड्यांमध्येच वाटला गेलेला असतो. साहजिकच अनेक पूर्वजांच्या वाट्याला एकही तुकडा येत नाही. वंशावळ-संशोधक ब्लेन बेटिंगर यांनी हजारो लोकांकडून जमवलेल्या आकड्यांनुसार सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांमध्ये सरासरी ८६६ सेंटीमॉर्गन सामाईक असतात. पणजोबा-पणजी एकच असलेल्या भावंडांमध्ये सरासरी २२९, खापरपणजोबांची जोडी एकच असलेल्यांमध्ये ७३ आणि त्याही मागची पिढी सामाईक असेल तर ३५. खापरपणजोबांच्या पातळीवर सुमारे दहातल्या एका जोडीत मोजण्याजोगं काहीच सापडत नाही. म्हणूनच चाचणी कुटुंबातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची आधी करावी: जो तुमचा खापरपणजोबा, तो तुमच्या वडिलांचा पणजोबा, आणि त्याचा डीएनए त्यांच्याकडे सरासरी दुप्पट आहे. वडील नसतील तर आत्या किंवा चुलत्यांना विचारावं. भावंडांचीही चाचणी करावी, कारण प्रत्येकाला वेगळे तुकडे मिळालेले असतात.

निकाल आल्यावर जुळणाऱ्या नातलगांची लांबलचक यादी समोर येते. वरून खाली एकेक नाव वाचत गेल्याने काही हाती लागत नाही. वंशावळ-संशोधक डेना लीड्स यांनी २०१८ साली मांडलेली पद्धत सोपी आहे. ९० ते ४०० सेंटीमॉर्गन जुळणारे लोक एका तक्त्यात उतरवायचे. पहिल्याला एक रंग द्यायचा आणि त्याच्याशीही जे जुळतात त्या सर्वांना तोच रंग. मग बिनरंगी उरलेल्यातला पहिला घ्यायचा, त्याला दुसरा रंग द्यायचा. साधारण चार रंग तयार होतात, चार आजी-आजोबांचे. ओळखीच्या नातलगांवरून तीन रंगांना नावं देता आली, तर अडलेली ओळ चौथ्या रंगात असण्याची शक्यता मोठी. मग त्या रंगातल्या अनोळखी माणसांच्या वंशावळी आपणच बांधायच्या आणि त्यांच्यात सामाईक असलेलं जोडपं शोधायचं. नंतर त्या जोडप्यापासून खाली येत त्यांचे सर्व मुलगे आणि नातू लिहायचे. योग्य वेळी, योग्य ठिकाणी आणि योग्य वयाचा कोण होता, हा प्रश्न आता मूठभर लोकांपुरता उरतो.

समजा, तुमच्या आजोबांचे वडील माहीत नाहीत आणि संशय दोन सख्ख्या भावांवर आहे. दोघांनीही पुढे आपापली लग्नं केली, दोघांचीही नातवंडं हयात आहेत. तुमच्या वडिलांची चाचणी करा आणि दोन्ही घरांतल्या नातवंडांनाही विनंती करा. थोरला भाऊ बाप असेल, तर त्याच्या नातवंडांशी वडिलांचे सरासरी ४४९ सेंटीमॉर्गन जुळायला हवेत (अर्धी चुलत भावंडं, म्हणजे आजोबा एक पण आजी वेगळी) आणि धाकट्याच्या नातवंडांशी सरासरी २२९. उलटं आलं तर धाकटा. दोन्हीकडे २२९ च्या आसपास आलं तर तिसरा सख्खा भाऊ शोधा; दोन्हीकडे ७० च्या घरात आलं तर त्यांचा चुलत भाऊ. मात्र एकाच माणसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. अर्ध्या चुलत भावंडांची नोंदलेली व्याप्ती १५६ ते ९७९ आहे आणि पणजोबा-पणजी एकच असलेल्यांची ४१ ते ५९२. म्हणजे ३०० हा आकडा दोन्हीकडे बसतो. प्रत्येक घरातून दोन-तीन जण तपासले की चित्र उलगडू लागतं. जे गृहीतक सगळे आकडे एकत्र समजावून सांगतं तेच ठेवावं, आणि प्रतिस्पर्धी गृहीतकंही लिहून ठेवावीत. संशयित भाऊ एकसारखे जुळे असतील तर मात्र ही चाचणी त्यांच्यात फरक करू शकत नाही.

चुका कुठे होतात? सर्वांत जास्त लहान तुकड्यांत. चाचणीला आईकडचं अक्षर कोणतं आणि वडिलांकडचं कोणतं हे कळत नाही. त्यामुळे तुलना दोन गुणसूत्रांमध्ये इकडून तिकडे उड्या मारत खोटा तुकडा जोडू शकते. ७ सेंटीमॉर्गनखालच्या तुकड्यांवर काहीही उभारू नये. आईवडील दोघांची चाचणी झालेली असेल आणि एखादा माणूस तुमच्याशी जुळतो पण त्या दोघांपैकी कोणाशीच जुळत नाही, तर तो तुकडा खोटा धरावा.

पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झालेल्या समाजात दुसरी अडचण येते. तिथे दोन माणसं अनेक वाटांनी नातलग असतात आणि बेरीज फुगते. अशा वेळी बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा पाहावा: १२० सेंटीमॉर्गन जर दहा-दहाच्या बारा तुकड्यांत असतील तर नातं बहुधा जुनं आणि अनेकपदरी असतं, तेच चार तुकड्यांत आणि त्यातला एक ४५ चा असेल तर जवळचा सामाईक पूर्वज असण्याची शक्यता जास्त. तुमची मुळं अमुक प्रदेशातली इतके टक्के, असा जो अंदाज निकालासोबत येतो, तो या कामात जवळजवळ निरुपयोगी आहे. तो एका पूर्वजाकडे बोट दाखवत नाही.

नमुना घेण्यापूर्वी समोरच्याला स्पष्ट सांगायला हवं की यातून न अपेक्षिलेलं नातं बाहेर येऊ शकतं, आणि तसं काही आलं तर ते कळवायचं की नाही हेही आधीच ठरवून घ्यावं. अनोळखी नातलगाला पहिल्या पत्रात संशयित बापाचं नाव लिहू नये. फक्त जुळणी झाल्याचं सांगून त्यांच्या आजी-आजोबांची नावं विचारावीत. लाळेच्या नमुन्याआधी ३० मिनिटं खाणं, पिणं, धूम्रपान टाळावं. नळीतली रेषा फेस सोडून लाळेने गाठली पाहिजे. वृद्ध व्यक्तीचं तोंड कोरडं पडत असेल तर गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेणारी चाचणी निवडावी. निकालाची मूळ फाइल उतरवून ठेवावी, कारण तीच फाइल स्वीकारणारे आणखी संग्रह आहेत आणि तुम्हाला हवा असलेला नातलग कदाचित तिथे असेल. याद्या दर दोन-तीन महिन्यांनी उघडाव्यात, नवीन नावांना त्या चार रंगांपैकी एक द्यावा आणि कोणत्याच रंगात न बसणारं नाव आलं तर त्याच्यापासून पुढे शोधावं.