वर्णपटसंग्रह, पेप्टाइडांचा

ओळख पटलेल्या पेप्टाइडांचे, म्हणजे प्रथिनांच्या लहान तुकड्यांचे, खंडन-वर्णपट (ते फोडल्यावर मिळणाऱ्या आयनांचे आलेख) त्यांच्या अमिनो आम्ल-क्रमासह साठवून केलेला संदर्भसंच. मास स्पेक्ट्रोमीटर या वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रातून आलेला अनोळखी वर्णपट या संचाशी ताडून नमुन्यात कोणते पेप्टाइड, आणि पर्यायाने कोणते प्रथिन आहे, हे ठरवतात.

संज्ञा : ‘स्पेक्ट्रल लायब्ररी’ला दिलेला हा पर्याय निर्दोष नाही. येथे वर्णाचा, म्हणजे रंगाचा, काहीच संबंध नसतो. आडव्या अक्षावर वस्तुमान-प्रभार गुणोत्तर आणि उभ्या अक्षावर तीव्रता एवढेच असते. परिभाषेची अशी खटपट आम्हा बडोदेकरांना नवी नाही. तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत १८९० मध्ये कलाभवन निघाले, तेथे त्रिभुवनदास गज्जर यांनी देशी भाषांतून तांत्रिक शिक्षणाचा आग्रह धरला. १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा बहुभाषी परिभाषाकोश निघाला. ‘ग्रंथालय’ हा शब्द येथे टाळला आहे, कारण अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन १९१० मध्ये आल्यापासून बडोदेकराच्या मनात तो पुस्तकांच्या देवघेवीशी पक्का जोडलेला आहे. बोलताना मात्र सगळे ‘लायब्ररी’च म्हणतात.

उगम : तो कोठे धरावा हे व्याख्येवर ठरते. लहान कार्बनी रेणूंचे संग्रह आधीपासून होते. पेप्टाइडांच्या बाबतीत १९९४ च्या ‘सीक्वेस्ट’ या आज्ञावलीने प्रथिनांच्या क्रमांवरून गणिताने काढलेल्या वर्णपटाशी तुलना केली, त्याला संग्रह म्हणता येत नाही. प्रत्यक्ष मोजलेले वर्णपट एकमेकांशी ताडण्याची कल्पना जॉन येट्स व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडली. ती व्यवहारात उतरली साधारण २००६-०७ च्या सुमारास, ‘एक्स-हंटर’, ‘बिब्लिओस्पेक’ व ‘स्पेक्ट्रास्ट’ या आज्ञावलींमुळे. ताडायला पुरेसे वर्णपटच हाताशी नसतील तर नुसती कल्पना फारशी उपयोगाची नाही, हे पाहता नंतरचा टप्पा धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

बांधणी : प्रथिने ट्रिप्सिन या विकराने तोडतात, ते बहुधा लायसीन व आर्जिनीन यांच्यानंतर तोडते. यंत्रात पेप्टाइड फुटून अमिनो टोकाकडील बी आणि कार्बॉक्सिल टोकाकडील वाय आयन तयार होतात. सगळे बंध सारखे तुटत नाहीत. उदाहरणार्थ, प्रोलीनच्या आधीचा बंध सहज तुटतो, त्यामुळे तेथील शिखर उंच येते. हे चढउतार मोजलेल्या वर्णपटात आयते मिळतात आणि संग्रहाची सरशी येथेच आहे. एकाच पेप्टाइडाचे अनेक वर्णपट असतील तर त्यांचा एकमत-वर्णपट (सर्वांचा मिळून एक) काढतात किंवा सर्वांत स्वच्छ तेवढा ठेवतात. चुकीची ओळख एकदा संग्रहात शिरली की पुढच्या प्रत्येक शोधात ती खरी म्हणून वावरते. म्हणून मुद्दाम खोट्या नोंदी मिसळून चुकीचे प्रमाण अजमावतात. ते सहसा १ टक्क्याच्या आत ठेवतात.

२०१२ मध्ये झ्युरिक येथील रूडी एबरसोल्ड यांच्या गटाने ‘स्वाथ’ पद्धत मांडल्यावर संग्रहाला नवे महत्त्व आले. या पद्धतीत अनेक पेप्टाइडांचे तुकडे एकाच वर्णपटात मिसळतात आणि ते वेगळे ओळखण्यास पेप्टाइड यंत्राआधीच्या, मिश्रण वेगळे करणाऱ्या स्तंभातून बाहेर पडण्याची वेळही नोंदलेली लागते. ही वेळ स्तंभागणिक बदलते. झ्युरिकचा संग्रह बडोद्यातील यंत्रावर वापरायचा झाल्यास ठरावीक ११ कृत्रिम पेप्टाइडे नमुन्यात घालून त्यांच्या आधारे वेळांचा मेळ बसवता येतो. २०१४ च्या मानवी संग्रहात १०,००० हून अधिक प्रथिने होती.

२०१९ च्या ‘प्रोसिट’ या आज्ञावलीपासून यंत्रशिक्षणाने भाकीत केलेले संग्रहही वापरात आहेत. ल्यूसीन व आयसोल्यूसीन यांचे वस्तुमान मात्र एकच, म्हणून नेहमीच्या खंडनात मोजलेल्या किंवा भाकीत केलेल्या संग्रहाने एवढ्याच फरकाची पेप्टाइडे बहुधा वेगळी करता येत नाहीत.