हार्ट फेल्युअर रात्री आणि थंडीत का उचल खातं, यामागची गोष्ट
हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय कमजोर होऊन रक्त नीट पंप करू न शकणं. रात्री दीड-दोनला असा पेशंट धाप लागून उठून बसतो, पाय पलंगाखाली सोडतो, खिडकी उघडा म्हणतो, आणि थोडा वेळ तसंच बसल्यावर जरा बरं वाटतं. डॉक्टर लोकांना हे चित्र जुनंच माहितीय, 1830 च्या दशकात लंडनच्या जेम्स होप यांनी याला कार्डियाक अस्थमा म्हटलं होतं. कारण समजायला सोपंय. दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झालं की परत रक्तात येतं, थकलेल्या हृदयाला तो लोड झेपत नाही आणि फुप्फुसात पाणी साचायला लागतं.

पण वेळेचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो हार्ट अटॅकवरून. 1985 मध्ये अमेरिकेत जेम्स म्युलर आणि सहकाऱ्यांनी एक भारी काम केलं, पेशंटला "कधी दुखायला लागलं" विचारून त्यावरच विसंबून न राहता 703 जणांच्या रक्तातलं हृदयाच्या स्नायूतून बाहेर पडणारं एंझाइम कसं वाढत गेलं ते बघून अटॅकची खरी वेळ मागे मोजत काढली. सकाळी 9 च्या सुमाराचे अटॅक रात्री 11 च्या तिप्पट निघाले! आधीपासून बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि जोर कमी करणारी औषधं) घेणाऱ्यांमध्ये मात्र सकाळची ही वाढ दिसली नाही.

हार्ट फेल्युअरमध्ये असं एंझाइमवरून घड्याळ लावता येत नाही, इथे हळूहळू बिघडत जातं. शिवाय कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये पेशंट आला कधी ते असतं, त्रास सुरू कधी झाला ते नाही, आणि कितीतरी लोक रात्र कशीबशी काढून उजाडल्यावर येतात. त्यामुळे दिवसाची गर्दी बघून "हार्ट फेल्युअर दिवसा वाढतं" म्हणणं मला तरी घाईचं वाटतं.

सीझनचं चित्र जास्त स्वच्छ आहे. फ्रान्स (1999) आणि स्कॉटलंड (2002) इथल्या मोठ्या अभ्यासांत अ‍ॅडमिशन आणि मृत्यू दोन्ही हिवाळ्यात वाढलेले दिसले, आणि साउथ ऑस्ट्रेलियात, जिथे थंडी बेताचीच आणि तीही जुलै-ऑगस्टमध्ये, तिथेही तेच. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, घाम कमी जातो, वर फ्लू आणि न्यूमोनिया. पण सगळं खापर थंडीवर फोडता येत नाही, कारण लॉस एंजेलिससारख्या उबदार ठिकाणीसुद्धा कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या) आजाराचे मृत्यू डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ्यापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने जास्त होते (1999 चा अभ्यास), आणि 2004 मध्ये अमेरिकेतल्या डेथ सर्टिफिकेटांवरून दिसलं की हृदयविकाराचे मृत्यू ख्रिसमस आणि न्यू इयरच्या आसपास वेगळे उसळी मारतात. सणात खारट खाणं, दारू, गोळ्या चुकणं, "सुट्टी होऊन जाऊ दे मग दाखवू" हे सगळं त्यात असणार असा संशय आहे, नेमका वाटा कोणाचा किती हे वेगळं काढणं अवघड.

पुढे फुप्फुसाच्या धमनीत बसवायचे प्रेशर सेन्सर आले, 2011 मध्ये त्यांची मोठी ट्रायल छापून आली आणि त्यांच्यावर लक्ष ठेवून औषधं बदलली तर अ‍ॅडमिशन कमी होतात हे दिसलं. या सेन्सरमुळे वेळेचा प्रश्नच जरा बदलला, कारण प्रेशर कित्येकदा धाप लागायच्या बरेच दिवस आधीपासून चढत असतं, म्हणजे रात्री दोनची इमर्जन्सी खरं तर आधीच्या आठवड्यातच सुरू झालेली असू शकते.