नर्मदाकाठचे 'अतिक्रमणदार' : मोबदल्याच्या वादाची पार्श्वभूमी

सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची 33 गावे आली. तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ही भिल्ल-पावरा गावे. मोबदल्याचा वाद म्हटला की आपण दराचा वाद समजतो. इथे आधीचाच प्रश्न सुटलेला नव्हता: मोबदला मागायचा हक्क कोणाला?

याचे मूळ वनकायद्यांत आहे. 1878 आणि 1927 च्या कायद्यांनी डोंगरच्या डोंगर सरकारी जंगल झाले आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस कागदावर अतिक्रमणदार ठरला. गावाचा हिशेब वेगळा होता. कोणाचे शेत कोणत्या नाल्यापर्यंत, चैत्रात कोणत्या मोहाखालची फुले कोणाच्या घरच्यांनी वेचायची, हे सगळ्यांना ठाऊक असे. सातबाऱ्यात यातले काही उतरले नाही. 1894 चा भूसंपादन कायदा हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला मोबदल्यावर दावा करू देत होता. पण जमीन वनखात्याच्याच नावे असेल, तर सरकार संपादन करणार कोणाकडून?

1979 मध्ये राज्यांमधला नर्मदेच्या पाण्याचा तंटा सोडवण्यासाठी नेमलेल्या नर्मदा लवादाने पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर ओलिताची जमीन देण्याचा निवाडा दिला. मोठाच निर्णय होता तो, पण खातेदारांपुरता. 1987 मध्ये गुजरातने अतिक्रमणदार आणि भूमिहीनांनाही 2 हेक्टर देऊ केले. महाराष्ट्राने तेवढे केले नाही, आणि हे आपल्या राज्याला शोभणारे नव्हते.

खरे तर भारताने 1958 मध्येच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 107 क्रमांकाचा करार स्वीकारला होता. आदिवासींनी परंपरेने वहिवाटलेल्या जमिनीवर त्यांची मालकी मानावी, असे तो सांगतो. धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने प्रकल्पाच्या आढाव्यासाठी नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये त्याच्याच आधारे अतिक्रमणदारांची बाजू उचलून धरली. पुढच्या मार्चमध्ये भारताने बँकेचे उरलेले कर्ज सोडले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात या 33 गावांपैकी मणिबेलीत पाणी शिरले.

राज्यात जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1978 पासून होता, पण तिथेही पुरावा मागत. तो बहुधा एकच असे: वनरक्षकाने फाडलेली दंडाची पावती. ज्याला दंड झाला नाही, किंवा ज्याने भरला पण पावती मिळाली नाही, त्याची शेती कागदावर नव्हतीच.

2006 च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याचा हक्क मान्य केला आणि 2008 च्या नियमांनी गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरला. 2013 च्या भूसंपादन कायद्यात वनहक्कधारक जमीनमालकाच्या व्याख्येत आला. तोवर नर्मदाकाठची कित्येक शेते पाण्याखाली होती. 13 डिसेंबर 2005 पूर्वी पुनर्वसन न देता बेकायदा विस्थापित केलेल्यांना पर्यायी जमिनीचा हक्क वनहक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये आहे. त्यावर दावा करणाऱ्याला मात्र बुडालेल्या शेताची वहिवाट आजही सिद्ध करावी लागते.