टोटल लॉस झालेली गाडी आणि दुरुस्त न होणारी गाडी

पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे, किंवा हद्द ओलांडून तिलारीच्या बाजूला, एखादी जीप तांबड्या मातीवरून घसरून खाली गेली की वर जमलेल्यांपैकी कुणीतरी लगेच सांगून टाकतो, "टोटल झाली." गाडीवाला ते मनावर घेतो. आठ दिवसांनी विमा कंपनीचं पत्र येतं, त्यातही टोटल लॉसच लिहिलेलं असतं, आणि मग घरात सगळ्यांची खात्री पटते की गाडीत आता काही राहिलेलं नाही, येईल त्या भावात देऊन मोकळं व्हावं.

खानापूर, बेळगाव, चंदगड ह्या पट्ट्यात अशा कितीतरी चांगल्या गाड्या पाण्याच्या भावात गेल्या आहेत. उलट्या बाजूने, विमा कंपनीने दुरुस्तीला मंजुरी दिलेल्या, रंग लावून चकाचक झालेल्या पण चासीत वाकलेल्या गाड्या घाटात रोज धावताहेत. ह्या दुसऱ्या प्रकाराची मला जास्त काळजी वाटते, कारण पहिल्यात पैसा जातो, दुसऱ्यात माणूस जाऊ शकतो.

टोटल लॉस हा विम्याचा हिशोब आहे. गाडी दुरुस्त होते की नाही, हा लोखंडाचा प्रश्न आहे. एकाचं उत्तर हो आलं म्हणून दुसऱ्याचंही तेच येईल असं नाही.

आधी हिशोब बघू, तो सोपा आहे. आपल्याकडच्या गाडीच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत गाडीची एक ठरलेली किंमत लिहिलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी वर काढण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च ह्या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी ती गाडी टोटल लॉस धरते. आयडीव्ही ठरते गाडीच्या वयावर: एक ते दोन वर्षांच्या गाडीला नव्या किमतीतून २० टक्के वजा, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के वजा.

आता दहा लाख किमतीच्या एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घ्या. पॉलिसी घेताना एक दीड वर्षाची होती, दुसरी साडेतीन वर्षांची. दोन्ही एकाच वळणावर सारख्याच कलंडल्या आणि दोन्हींचं एस्टिमेट पाच लाखांचं आलं. पहिलीची आयडीव्ही आठ लाख, मर्यादा सहा लाख, म्हणून ती दुरुस्तीला जाते. दुसरीची आयडीव्ही सहा लाख, मर्यादा साडेचार लाख, म्हणून ती टोटल. मार सारखाच आणि वाकलेला पत्राही सारखाच, तरी निकाल दोन आले. चासीला साधा टेप लावायच्या आधीच हा निकाल ठरलेला असतो.

एस्टिमेट फुगतं कशाने, हेही बघण्यासारखं आहे. एअरबॅग फुटल्या की त्यांच्यासोबत त्यांचं कंट्रोल युनिट, सेन्सर, सीटबेल्टचे ताण घेणारे भाग, बहुतेक वेळा डॅशबोर्डसुद्धा बदलावा लागतो. मग हेडलाइट, काचा, दारं, टप. कंपनीचं वर्कशॉप हे सगळं नवं आणि छापील किमतीला लावतं. त्यामुळे चासीला ओरखडाही नसताना एस्टिमेट मर्यादेच्या पार जाऊ शकतं. आणि चासी वाकलेली असूनही एस्टिमेट मर्यादेच्या आत राहू शकतं, कारण विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडी पाहिली तेव्हा तिच्या पोटाला वीतभर चिखल चिकटलेला होता आणि खाली वाकून कुणी पाहिलंच नाही. म्हणून आधी आहे तशी गाडीचे सगळीकडून फोटो घ्या, मग सर्व्हेअरला सांगून खालची बाजू पाण्याच्या प्रेशरने धुऊन घ्या, आणि गाडी उघडल्यावर त्याला पुन्हा बोलवा. उघडल्यावर सापडलेलं नुकसान पुरवणी एस्टिमेटमध्ये घालता येतं. हे मागायला कुणी संकोच करू नये.

आता लोखंडाकडे येऊ.

थार, बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी जिप्सी, जिम्नी ह्या गाड्यांना खाली शिडीसारखी चासी असते: दोन लांब रेल आणि त्यांना जोडणारे आडवे भाग. बॉडी तिच्यावर रबरी बुशांवर बोल्टने बसवलेली असते. गाडी पालथी होऊन टप चेपला, दारं दबली, बॉनेट उडालं, तरी खालची शिडी सरळ राहू शकते. क्रेटा, ब्रेझा, डस्टर ह्या गाड्यांचं तसं नाही. त्यांच्यात वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. टपाचे खांब आणि दाराखालचा उंबरा दबला म्हणजे गाडीचा सांगाडाच दबला. त्यातले बरेच भाग जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात, गॅस लावून तापवून सरळ केले की त्यांची ताकद निघून जाते. दिसायला खांब सरळ होतो, पुढच्या धडकेत मात्र तो साथ देत नाही. म्हणून बाहेरून तितकाच मार दिसणाऱ्या एका थारबद्दल आणि एका क्रेटाबद्दल मत एकच असू शकत नाही.

चासी वाकली आहे का, हे बघायची जुनी रीत आजही पक्की आहे. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कुठेही सपाट काँक्रीटची फरशी असलेलं गॅरेज गाठा. चासीच्या दोन्ही रेलवर कंपनीने पाडलेली भोकं असतात, डाव्या-उजव्या बाजूला जोडीजोडीने. प्रत्येक भोकातून ओळंबा सोडायचा आणि तो फरशीवर टेकतो तिथे खडूने फुली मारायची. मग गाडी ढकलून बाजूला करायची. फरशीवर चासीचा नकाशा उरतो. आता फुलीपासून फुलीपर्यंत तिरकी मापं घ्यायची, पुढच्या डावीपासून मागच्या उजवीपर्यंत आणि पुढच्या उजवीपासून मागच्या डावीपर्यंत. दोन्ही कर्ण जुळायला हवेत. हेच एकेका टप्प्याचं करायचं: पुढचा भाग, मधला, मागचा. कुठल्या टप्प्यात कर्ण जुळत नाहीत त्यावरून चासी कुठे खेचली गेली ते कळतं. किती फरक चालतो ते गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, गॅरेजवाल्याकडे ते मागा. "नजरेला सरळ वाटतंय की वो" हे माप नव्हे.

ह्या रीतीने पीळ मात्र कळत नाही, कारण पिळलेली चासी वरून पाहताना चौकोनीच दिसू शकते. त्यासाठी रेलची फरशीपासूनची उंची चारही कोपऱ्यांत मोजावी लागते, आणि ती टायरवर उभ्या गाडीची नाही, चासी एकसारख्या स्टँडवर घेऊन. एका बाजूला कलंडलेल्या गाडीत हा पीळ सगळ्यात जास्त सापडतो. मागच्या एक्सलवरून रेल कमान घेते त्या जागी हात फिरवून बघा. पत्र्याला बारीक सुरकुती, उडालेला रंग, ताजी चीर असेल तर धक्का तिथपर्यंत पोहोचला आहे.

एक गोंधळ नेहमी होतो. ओल्या मातीवर गाडी सरळ चालवली आणि मागच्या चाकांचा माग पुढच्याच्या बाजूला पडला, की लगेच मिस्त्रीला फोन जातो, "मामा, चासी वाकलीया. गाडी तिरकी पळतीया." पण पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत पाटे आणि एक्सलचं हौसिंग एकमेकांना जागेवर धरणारा एक सेंटर बोल्ट असतो. दगडावर चाक आदळून तो तुटला की अख्खं एक्सल एका बाजूने मागे सरकतं आणि गाडी अशीच खेकड्यासारखी पळते. तो बोल्ट बदलणं अगदी किरकोळ काम आहे. त्यामुळे तिरक्या मागावरून चासीचा निकाल देऊ नका. आधी दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर मोजा, यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट तपासा, मग ओळंबा सोडा.

बाकीच्या भागांत माझं मत असं: हौसिंग सरळ करणं, शाफ्ट, ब्रॅकेट ही कामं आपल्या बेळगावात उत्तम होतात, लेथवर हात बसलेली माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण स्टिअरिंगचा कुठलाही रॉड वाकला तर तो तापवून सरळ करू नये आणि ओतीव नकलला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या भागाला, चीर गेली तर वेल्डिंग करू नये. ते भाग नवेच घालावेत, कितीही भाव असो.

इंजिनाचं वेगळं. गाडी पालथी पडली होती तर इंजिनातलं ऑइल ब्रीदरवाटे सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. नाल्यात बंद पडली असेल तर पाणी. अशा वेळी सेल मारला की पिस्टन वर येतो, द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चाळीस हजारांचं काम दोन-अडीच लाखांवर जातं आणि पुष्कळदा विमा कंपनीही हात वर करते, कारण हे नुकसान अपघाताचं नसून नंतर सेल मारल्याचं आहे असं ती म्हणते. टोचन लावून गॅरेजला न्या. डिझेल गाडीचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, पेट्रोलचे स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवा, आत जे असेल ते बाहेर येतं.

पॉलिसीत आणखी एक अट आहे. अपघातानंतर गाडी देखरेखीविना सोडून द्यायची नाही, आणि आवश्यक दुरुस्ती न करता ती चालवली तर पुढचं नुकसान मालकाचं. त्यामुळे "चालतंय तोवर खानापूरपर्यंत नेऊ" हे महागात पडतं. गाडी केए २२ ची, म्हणजे बेळगावची, आणि पडली महाराष्ट्रात किंवा गोव्यात, म्हणून क्लेम अडत नाही. पॉलिसी भारतभर चालते. मात्र भरवलेली शर्यत किंवा वेगाची चाचणी त्यात बसत नाही, आणि भीमगडच्या अभयारण्यात परवानगीविना घुसलात तर विम्याच्याही आधी वनखात्याला उत्तर द्यावं लागेल. कुठे आणि कशी पडली ते खरं लिहा.

आता टोटल लॉसचं पत्र हातात आहे आणि चासीची मापंही हातात आहेत, असं धरू. कंपनी सांगाड्यासाठी, म्हणजे मोडलेली गाडी आहे तशी विकायला, बोली मागवते. समजा आयडीव्ही सहा लाख आणि सांगाड्याला दोन लाखांची बोली आली. गाडी देऊन टाकली तर तुम्हाला सहा लाखांतून सक्तीची वजावट जाऊन पैसे मिळतात, ती १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये. गाडी ठेवायची म्हणालात तर त्यातून आणखी दोन लाख वजा होतात आणि सांगाडा तुमच्याकडे राहतो. हा पर्याय पुष्कळांना कुणी सांगतच नाही. चासी मापात असेल, मार फक्त बॉडीला असेल, तर जुनी दारं, जुना टप मिळवून टिंकरिंगवाल्याकडून ती निम्म्या खर्चात उभी राहते. तशी गाडी ठेवावी असंच मी सांगेन. चासी पिळलेली असेल, किंवा बॉडीच चासी असलेल्या गाडीचे खांब दबले असतील, किंवा नव्या गाडीचं वायरिंग रात्रभर पाण्यात बुडलं असेल, तर मन घट्ट करून द्यावी. चासी बदलू म्हणणारे भेटतात, पण चासीचा नंबर त्या लोखंडावरच ठोकलेला असतो, आरटीओच्या परवानगीशिवाय ते काम करायचं नसतं.

दुरुस्तीच्या बाजूला निकाल लागला तरी खिशातून काय जाईल ते आधी विचारा. झिरो डेप, म्हणजे भागांच्या किमतीतून घसारा न कापणारी जोड, पॉलिसीत नसेल तर प्लॅस्टिक आणि रबरी भागांचे निम्मेच पैसे मिळतात. ओढून आणण्याचे खासगी मोटारीला नेहमीच्या पॉलिसीत फक्त १,५०० रुपये धरलेले असतात. चोर्ला घाटाच्या दरीतून क्रेनने गाडी काढणाऱ्याला हा आकडा सांगून बघा.

देऊन टाकणार असाल तर आरसीकडे लक्ष ठेवा. बोली लावणारा कोल्हापूरचा असो, हुबळीचा असो की आणखी कुठला, सांगाडा उचलून नेला आणि आरसी तुमच्या नावावर राहिली तर तो नंबर उद्या चोरीच्या गाडीवर दिसू शकतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५, आणि नाव बदलल्याची पोच हातात. गाडी कायमची निकामीच झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत नोंदणी करणाऱ्या आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. विमा कंपनीने टोटल लॉस म्हटलं म्हणून ही नोंदणी आपोआप रद्द होत नाही, ती तुम्हालाच करून घ्यावी लागते.