वेल्समध्ये काउंटी कौन्सिलला मत द्यायचंय? व्हिसावर असलात तरी नाव नोंदवता येतं

कार्डिफ, स्वॉन्झी, न्यूपोर्टला नोकरीसाठी आलेल्या मराठी मंडळींपैकी कितीतरी जण "आपण तर व्हिसावर" म्हणून मतदानाचा विषयच सोडून देतात. वेल्समध्ये तसं करायचं कारण नाही. भारत राष्ट्रकुलातला देश असल्यामुळे भारतीय नागरिकाला वैध वर्क किंवा स्टुडंट व्हिसावरही काउंटी कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेला, मत देता येतं. आयएलआरची, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याच्या परवानगीची, अट नाही. मतदानाच्या दिवशी वय 16 पूर्ण हवं. नाव मात्र 14 व्या वर्षापासून नोंदवता येतं. पुढची निवडणूक 6 मे 2027 रोजी ठरलेली आहे.

अर्ज सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो आणि फुकट आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर एवढंच लागतं. हा नंबर तुमच्या पेस्लिपवर सापडेल. माहिती जुळली नाही तर कौन्सिलचं नोंदणी कार्यालय ओळखीचा पुरावा मागतं, आणि गरज वाटली तर व्हिसाचाही. त्या पत्राला वेळेत उत्तर द्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. घर बदललं की पुन्हा नोंदणी करावी लागते. भाड्याच्या घरात राहणारे नेमके इथेच चुकतात. कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा स्थानिक कर) भरताय म्हणून यादीत नाव असेलच असं नाही.

शेवटची तारीख मतदानाच्या 12 कामकाजाचे दिवस आधी असते. शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे त्यात धरत नाहीत, त्यामुळे हिशेब फसतो: 5 मे 2022 च्या मतदानासाठी मुदत 14 एप्रिललाच संपली होती, कारण मध्ये ईस्टर आला.

पोस्टाने मत द्यायचं तर वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्यावर सही लागते. पुढे मतपत्रिकेसोबतच्या कागदावरची सही तिच्याशी जुळली नाही तर मत बाद होतं. केंद्रावर जाणाऱ्यांना सकाळी 7 ते रात्री 10 वेळ असतो. कौन्सिलच्या मतदानाला फोटो ओळखपत्र लागत नाही. ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीला मात्र लागतं, आणि तिथे भारतीय पासपोर्ट चालतो.

आता या मताचं पुढे काय होतं ते पॉविसवरून पाहू. क्षेत्रफळाने वेल्समधली ही सर्वांत मोठी काउंटी. 2022 मध्ये तिथल्या 68 जागांपैकी लिबरल डेमोक्रॅट 24, अपक्ष 17, काँझर्व्हेटिव्ह 14, लेबर 9, प्लाइड कम्री (वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष) 3 आणि ग्रीन 1 असा निकाल लागला. बहुमताला 35 हवे होते, कुणापाशीच नव्हते. लिबरल डेमोक्रॅट आणि लेबर एकत्र आले तरी बेरीज 33 च! तरीही लिबरल डेमोक्रॅटचे जेम्स गिब्सन-वॉट कौन्सिलचे नेते झाले. लोक थेट नेता निवडत नाहीत. आपल्याकडे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्य निवडतात, तसा तिथे नेता कौन्सिलर निवडतात, आणि मंत्रिमंडळासारखी कॅबिनेट मग तो नेमतो. नीथ पोर्ट टॅलबट या दुसऱ्या कौन्सिलमध्ये तर 60 पैकी 27 जागा जिंकून लेबर सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि सत्तेबाहेर बसला, कारण अपक्ष आणि प्लाइड कम्री यांनी हातमिळवणी केली. युतीच्या कराराला मतदारांची मंजुरी घ्यावी लागत नाही. म्हणून प्रचारपत्रक घेऊन दारात आलेल्या उमेदवाराला "त्रिशंकू निकाल लागला तर कुणाबरोबर बसणार?" असं सरळ विचारावं.

स्वतः उभं राहायचं असेल तर अटी कडक होतात. वय 18 हवं आणि भारतीय नागरिकाला आयएलआर हवा, वर्क व्हिसा पुरत नाही. शिवाय त्या भागाशी नातं दाखवावं लागतं: तिथल्या मतदारयादीत नाव, किंवा गेले 12 महिने तिथे वास्तव्य, मुख्य नोकरी वा मालकीची-भाड्याची जागा. यांतलं एक पुरतं. नामनिर्देशनपत्र, घरच्या पत्त्याचा फॉर्म आणि साक्षीदारासमोर सही केलेलं संमतिपत्र द्यायचं. पक्षातर्फे लढत असाल तर पक्षाचं अधिकृत पत्रही. अनामत रक्कम नाही.